एक तृतीयांश

सहाला ग्रिम्सबीत धड उजाडत नाही,
नुसता करडेपणा पातळ होतो.
त्यात पिवळा दिवा गरगरत होता
आणि लोरेनच्या गाडीची पुढची चाकं
आधीच उचललेली, साखळीवर.

लोरेन गाऊनमध्ये, पाय उघडे.
सातला तिला एका म्हातारीला अंघोळ घालायची असते,
मग दुसरीला,
मग पार क्लीथॉर्प्सच्या टोकाला तिसरीला.

"दोन हप्ते थकलेत," तो माणूस म्हणाला.
त्यात खोटं काही नव्हतं.

मी म्हटलं, करार आण.
तो बिस्किटांच्या डब्यात होता.
विजेच्या बिलाचा लिफाफा कुंपणावर दाबून धरला,
वारा खाडीवरून येत होता, माशांचा वास घेऊन.
एकूण नऊ हजार तीनशे.
आगाऊ तीनशे, एकशेऐंशीचे सोळा.
झाले तीन हजार एकशेऐंशी.
तिसरा हिस्सा एकतीसशे.
ऐंशी पौंड वर.

इथला कायदा एवढंच म्हणतो:
तिसरा हिस्सा भरला असेल
तर कोर्टाच्या हुकमाशिवाय वस्तूला हात लावायचा नाही.
कर्ज माफ नाही. हप्ताही नाही.
फक्त दारात येण्याआधी
कुणा तिऱ्हाइताला विचारून यायचं.
करारातच छापलं होतं ते, चौकटीत.
चौकटीवर बिस्किटांचा चुरा.

बार्शीच्या पतपेढीत मी वसुलीच्या टेबलावर होते.
एकदा एका बाईचं शिलाई मशीन उचललं आम्ही.
टेम्पोत चढवताना पायडल हलत होतं,
सुईत निळा दोरा तसाच.
पावती मी फाडली. अक्षर छान होतं माझं.
तिने किती भरलेत ते खतावणीत होतं,
बेरीज मी केली नाही.
कुणी सांगितली नव्हती.

त्याने ऑफिसला फोन लावला.
ताटकळत ठेवणारं ते संगीत
गल्लीभर वाजत राहिलं.
मग चाकं खाली आली, हळूच,
झोपलेलं पोर ठेवावं तशी.

लोरेन बूट शोधायला आत पळाली.
आभार मानायला तिला वेळ नव्हता. बरंच झालं.

साखळी गुंडाळता गुंडाळता तो रेंगाळला.
"बायकोची गाडीपण हप्त्यावरच आहे," म्हणाला,
माझ्याकडे न बघता.
"बारा झालेत. नाही, तेरा."

मी लिफाफा उलटा केला.
ती बाजू कोरी होती.