जॉइनिंग रिपोर्ट

पाचवीतल्या मनेका टेकामने विचारलं,
"मॅडम, जॉइन म्हंजे का व्हय?"
पुस्तकात ठिपके होते, एक ते तेवीस,
जोडले की बदक.
मी म्हटलं, जोडणे.
"मंग तुमी शाळेत जॉइन झाल्या,
तवा कशाले जोडल्या?"

वर्ग हसला. मीही.

संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यावर, जिथे रेंज येते,
त्या शब्दाच्या मागे मागे गेले,
पोरं नाल्यात खेकड्याचं बीळ उकरत जातात तशी.
इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला,
फ्रेंचांना तो लॅटिनकडून वारशात मिळाला,
आणि त्याच्याही मागे, जिथे कुणी काही लिहून ठेवलं नाही,
पंडितांचा नुसता अंदाज आहे,
तिथे एक आवाज होता
आपल्या युज् धातूच्या जवळपासचा.
तो दोन वाटांनी निघाला.
एक वाट समुद्रापलीकडून कोट घालून आली
आणि माझ्या नेमणुकीच्या कागदावर बसली.
दुसरी पायीच चालली, झिजत,
युग, जुग, जू,
आणि थांबली डोमाजी वाढयाच्या अंगणात
भिंतीला टेकून.

डोमाजी शिवणीचं लाकूड तासत होता.
"गावात सात टॅक्टर हायेत," म्हणे,
"तरी सालात येखादं जू लागतेच कोनाले."
मी म्हटलं, काका, इंग्रजीतला जॉइन
आणि तुमचं हे जू, भाऊ-भाऊ आहेत.
त्याचा हात थांबला नाही.
"असतीन. भावकी कोठंई निंगते."

मग खाच दाखवली. मधोमध नव्हती.
"हे गुलाबरावच्या जोडीचं.
येक बैल तकडा, येक उतरता.
उतरत्याच्या आंगाले चार बोटं लांब ठेवाचं.
वझं तकड्याकडं सरकते.
त्याले समजतबी नाई."

म्हणजे जू दोघांना जवळ आणतं ते…

"जवळ?"
पहिल्यांदा त्यानं वर पाहिलं.
"जवळ आले तं शिंगात शिंग अडकते, मॅडम.
जू दूर ठेवासाठी अस्ते.
किती दूर, थे आपुन ठरवाचं."

चार बोटं.
दोनशे साठ किलोमीटर.
हेमराज धानोऱ्याकडच्या जंगलात वनरक्षक,
त्याची आई इथे माझ्याजवळ,
तिच्या साखरेच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये.
तीन वर्षं आमचा अर्ज टेबलं बदलतोय,
वरचं शीर्षक: पती-पत्नी एकत्रीकरण.
फोनवर तो विचारतो, सगळं बरं ना?
मी म्हणते, हो.
खाच कुणाकडे सरकवली आहे,
हे दोघांपैकी कुणीच अजून बोटं लावून मोजलेलं नाही.

रात्री जुनी फाइल काढली.
माझंच अक्षर, तेव्हाचं, सरळ:
"आज रोजी मध्यान्हपूर्व रुजू झाले."
बाजूला कारकुनाची पेन्सिल: जॉइन.
रुजू तर त्याहून लांबचा पाहुणा, अरबी,
तिकडे त्याचा अर्थ परत फिरणे.
इथे आला आणि ऐकणाऱ्याला वाटलं, रुजला.
त्याच्या शेवटी जू आहे,
तो निव्वळ योगायोग.
योगायोग.
म्हणजे हाही त्याच घरातला निघाला.
एकटीच हसले. आत म्हातारी म्हणाली,
"का झालं वं?"
काही नाही, म्हटलं, झोपा.

सकाळी मनेकाने वही पुढे केली.
सतरावरून रेघ थेट एकोणीसवर गेलेली,
बदकाची मान एका जागी मोडलेली.
"अठरा कोठं गेला?"
"सापडला नाई, मॅडम,"
तिने पान माझ्याकडे वळवलं,
"पन पोहते."