टाकलेलं

दिवाळ्याच्या जेट्टीवर आय बसते
आणि डोलीतला माल निवडते.
जवळा इकडे, कोलीम तिकडे,
मांदेली पाटीत, बोंबील फडक्यावर,
खेकड्याची पिल्लं, पिशव्यांचे तुकडे, चिखलाचे गोळे
न बघताच मागे, पाण्यात.
तिचे हात विचार करत नाहीत.
विचार करायला ओहोटी थांबत नाही.

वर माळ्यावर माझंही हेच चालतं.
दूर परदेशात, जमिनीच्या पोटात
सेकंदाला चार कोटी टकरी.
त्यातल्या हजारेक ठेवायच्या,
बाकीच्या पुसायच्या,
पापणी लवायच्याही आत.

यंत्राला मी नवं काहीच शिकवलं नाही.
फक्त नेहमीचं दाखवलं, लाखो वेळा नेहमीचं.
म्हटलं, बघ, झाक, आता आठवून काढ.
ते काढतं, हुबेहूब.
जिथे त्याची रेघ चुकते
तिथे मी उठून बसते.

मंगळवारी पहाटे पावणेतीनला चुकली.
कणांचे दोन फवारे एकाच बाजूला,
आणि समोर काहीच नाही,
जसं कुणी हिशेबातली ऊर्जा कनवटीला लावून
न सांगता निघून गेलं.
मी गॅलरीत आले.
खाडीपलीकडे उलव्याच्या टॉवरांत
तीन-चार खिडक्या जाग्या होत्या.
कुणाला उठवलं नाही.
खरं सांगायचं तर
नाव काय ठेवायचं ते ठरवत होते.

दुपारी तिकडून हालिनाचं उत्तर आलं:
शोधकातला एक खण तीन दिवस मुका आहे.
तेवढा वगळ.

वगळला.
यंत्रालाही सांगितलं,
आता हेसुद्धा नेहमीचंच समज.

संध्याकाळी आयजवळ जाऊन बसले.
आये, कधी असा आला का गो,
ज्याला तुझ्याकडं नावच नाय?
"आल्ता ना. तुजा बाबूस गेला त्या साली.
येवढासा. काचंसारखा. डोळं मातर मोठं."
मग?
"मंग काय. आंबटीत घातला.
बोंबलासारखाच लागला."

मी हसले. तीही हसली,
आणि मध्येच थांबली, हात पाटीत तसाच.
"त्यो दिसला तरी," म्हणाली,
आणि वळून पाण्याकडे बघितलं,
जिथे चाळीस वर्षं
ती न बघता टाकत आली आहे.

मग पुढची मूठ.
पहिल्याच वेगाने.