विश्राम

घेरा केंजळच्या शेवटच्या घरी
पारूबाईंनी चहा दिला, वर कुत्राही दिला.
"न्या संगं. सुभेदार गेल्यापास्नं
गडावर गेला न्हाई त्यो."

नाव हवालदार. एक कान फाटका.
कारवीच्या वाळक्या काटक्यांतून
तो पुढं, मी धापा टाकत मागं;
वळणावर थांबायचा,
माझ्याकडं न बघता.

कातळातल्या पायऱ्या पौषातल्या,
रात्रभर अंगणात राहिलेल्या तांब्यासारख्या गार.
हात टेकला तर तळवा दचकला.
तो चारी पायांवर, मीही चारी पायांवर;
त्याला लाज नव्हती एवढंच.

माथ्यावर चुन्याच्या घाण्याआड बसलो.
खाली धोमचं पाणी, त्यावर धुक्याची साय.
भाकरी मोडली, अर्धी त्याच्यापुढं ठेवली.
हुंगलीसुद्धा नाही.
ताठ बसला, छाती पुढं,
लाळ गळतेय, नजर समोर.

"खा की रं." नाही.
"खा, बाबा." नाही.

माझा ठेचा संपला, ऊन पायांपाशी आलं,
तेव्हा आठवली दारामागं
खुंटीला टांगलेली टोपी,
आणि मी आपला चाचरत म्हणालो,
"विश्राम."

दोन घासांत भाकरी गेली.
मग कितीतरी वेळ तो
माझ्या तोंडाकडं बघत होता.