पिशव्यांची रांग

पहाटे साडेचारला दार बंद असतं
आणि रांग लागलेली असते.
माणसं नसतात तिच्यात.
पिशव्या असतात, दप्तरं,
सुतळीने बांधलेली एक वही,
आणि ज्याच्याकडे ठेवायला काहीच नाही
त्याची अर्धी वीट, खडूने नाव लिहिलेली.

मी इदरीस, या ग्रंथालयाचा रखवालदार.
ढाक्यात येऊन अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ याच पायरीवर.
पिशव्या राखणं माझ्या नेमणूकपत्रात नाही.
पण कुत्री येतात,
आणि कुणीतरी हळूच मागचं दप्तर पुढे सरकवतं.
तेव्हा मी काठी आपटतो. नुसतीच.

अजान होते, चहावाल्याचा स्टो पेटतो,
मग एकेक पोर उगवतं, ओल्या केसांचं, तोंडाने पुटपुटत.
बोलिव्हियाला समुद्र नाही.
संसदेच्या जागा तीनशे पन्नास.
कपात बुडवलेलं बिस्किट मोडून पडतं
तरी पुटपुटणं थांबत नाही.
ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय.
बायकोला फोनवर म्हटलं, अगं, बोलिव्हियाला समुद्रच नाही!
ती म्हणाली, बरं आहे त्यांचं.
इथे यमुनेनं गोठ्यापर्यंतचं अंगण खाल्लं.

आठला दार उघडतो.
उद्या जिल्हे चालवायला निघालेली ही मंडळी
कोपरं मारत आत घुसतात.
कपाटातली पुस्तकं कुणी मागत नाही.
खुर्ची हवी असते.
आत्ता पंख्याखालची,
पुढे ती दुसरी.

मुख्लेसची पिशवी बँकेची होती,
फुकट मिळालेली, एक बंद शिवणीतून सुटलेला.
लालमोनिरहाटचा पोरगा. चार वेळा बसला.
एकदा तर तोंडी परीक्षेपर्यंत पोचला.
त्या दिवशी टाय मी बांधून दिला त्याला;
गाठ मला येते, गणवेशामुळे.
हनुवटी वर करून उभा राहिला माझ्यापुढे
जसा माझा थोरला उभा राहायचा
शाळेच्या पहिल्या दिवशी.
संध्याकाळी टाय परत दिला. गाठ सोडवली नव्हती.
काय विचारलं रे?
म्हणाला, सगळं येत होतं, चाचा.
शेवटी विचारलं, तुमच्या गावाबद्दल काही सांगा.
तेवढंच आलं नाही.

मग कार्तिकात कधीतरी
रात्री बाराला त्याचं वय संपलं.
सरकारच्या हिशेबात संपलं, म्हणजे.
मला वाटलं, आता पिशवी दिसायची नाही.
सकाळी रांगेत होती. नववी.
मी काही बोललो नाही, तोही नाही.
दुपारी आत चक्कर टाकली
तर वर्तमानपत्र उघडून बसलेला,
हातात पेन नाही, खाली रेघ नाही.
एका म्हशीच्या शर्यतीची बातमी वाचत होता
आणि हसत होता, चक्क आवाज करून.
शेजारच्या तीन माना वळल्या.

असे सतरा दिवस.

अठराव्या दिवशी पहाटे पिशवी वाजू लागली.
आतला फोन. धुकं होतं, कुणी नव्हतं जवळपास.
वाजली, थांबली, पुन्हा वाजली.
दुसऱ्याची पिशवी उघडायची नाही हा माझाच नियम.
पायरीवर बसलो तिच्याशेजारी,
आणि मोठ्याने म्हणालो, येतोय तो,
तोंड धुवायला गेलाय, येतोय.

तो आला तेव्हा रांग पुढे सरकलेली.
फोन कानाला लावून पिशवी उचलली त्यानं
आणि दाराकडे न जाता फाटकाकडे चालू लागला.
हो अम्मा, म्हणत होता, हो, खाल्लं.

नववी जागा थोडा वेळ मोकळी राहिली.
मागची मुलगी, ताहुरा का काय,
माझ्याकडे बघत होती.
मी काठीनं खूण केली,
सरक.