पांढरं कपाट

पुण्याहून आलात, बसा.
त्या बाकावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे.
डॉक्टर त्याखाली कुठला तरी अंक घालून ठेवत,
बहुधा त्यांचीच कविता छापून आलेला.

मी तारी. एकवीस वर्षं त्यांचा कंपाउंडर.
ते म्हणायचे, तारी हे नाव तुझं
आणि तारायचं काम माझं, हा कुठला न्याय.

मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची पट्टी लावायची,
कात्रीने तिला दाते पाडायचे, एक दाता एक डोस,
ते मी करायचो.
कवितेची ओळही ते तशीच तोडत,
मधेच, शब्द अर्धा ठेवून.
असं का, मी एकदा विचारलं.
म्हणाले, सगळं एकदम प्यायलं तर बाधतं.

तिर्लोटात कोणाला पत्ता नव्हता ते कवी आहेत याचा.
मुंबईची जाड पाकिटं बघून पोस्टमन मला कोपऱ्यात घेई,
काय रे, डॉक्टरांची कोर्टात केस चालू हा?
फी म्हणून सुके बांगडे, तिसऱ्यांची पाटी,
नाहीतर नुसतंच, बघूया नारळ उतरल्यावर.

रात्री प्रायमसवर सुया उकळत
आणि त्या खडखडाटात ते लिहीत,
केसपेपरच्या पाठी.
अक्षर दोन्ही बाजूंना सारखंच वाईट.
एकदा एका कवितेवरून मी बाटली भरायला घेतली होती.
बराच वेळ हसले, मग म्हणाले, दे, पाणी जास्त घाल.

तर, ते कपाट.
तुमच्या पुस्तकात लिहिलंय, मुलाने वाचून दाखवलं,
'पांढरं कपाट आतून गरम' म्हणजे रिकामा ईश्वर.
असेल.
आमच्याकडे ते दवाखान्याच्या मागच्या खोलीत होतं.
रॉकेलवर चालणारा फ्रीज.
खाली टाकी, टाकीला वात,
वात निळी जळली पाहिजे.
आत सापाच्या लशीच्या तीन बाटल्या
आणि, खोटं कशाला बोलू, माझ्या आईचं लोणी.

त्या चैत्रात घाड्यांची यमुनी
काजूच्या पाल्यात बिया वेचत होती,
हात फुरशावर पडला.
बापाने खांद्यावर टाकून भर दुपारी सडा ओलांडला.
सात वर्षांची. बोलत होती.
बांगडी रुततेय, काढा म्हणत होती.

डॉक्टरांनी कपाट उघडलं.
बाटली उजेडात धरली. गढूळ.
दुसरी.
तिसरी.
मग आतल्या भिंतीला हात लावून बघितला,
तापाच्या कपाळाला लावतात तसा.

पलीकडे न्यायला तर मिळाली ती कातरवेळी.
खाडीच्या मध्यावर नावाड्याने वल्हं थांबवलं,
कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

रजिस्टरात तिचं नाव आहे, वय आहे.
उपचाराच्या रकान्यात रेघसुद्धा नाही.
पुढची चार वर्षं
केसपेपर पाठीमागून कोरे निघाले.
मी त्यांच्या पुड्या बांधल्या.

मला ते काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी पहाटे उठून स्वतः टाकी भरली.
मग रोज,
गावात वीज येईपर्यंत.

आणि मग ती कविता, तुम्ही वर्गात शिकवता ती.

रॉकेल भरायला मी विसर
लो

हा मी म्हणजे यंत्रयुगातला माणूस, असं तुम्ही म्हणता.
सर, लिहून घ्या, नाहीतर राहू द्या.
टाकी भरणं माझं काम होतं.
गिर्येला बहिणीची हळद होती,
दोन दिवसांत येतो म्हणून गेलो, चार राहिलो.

चहा निवतोय.
पुढच्या आवृत्तीत बदलू मात्र नका काही.
त्यांचं अक्षर गावात मला एकट्यालाच लागतं,
मी तो कागद भिंगाखाली धरून पुन्हा पुन्हा बघितलाय,
खाडाखोड नाही कुठे,
तिथे मी असंच आहे.