रिकामा चौथरा

आधी चौक आला. गाव मागाहून.
मोजणीदार ओयार्सूननं चार खुंट्या ठोकल्या,
दोरी ताणली, नकाशा उलगडला,
तो वाऱ्यानं नेला थेट अर्जेंटिनात.
म्हणून आमचा चौक जरा तिरका आहे.

खुंटीपासून वीस पावलांवर
एक तेवेल्चे बाई ग्वानाकोचं कातडं खरवडत होती.
तिला कुणी ऊठ म्हणालं नाही.
रस्ता तेवढा तिच्या चुलीवरून आखला.

मग लोकरीच्या गाड्या. मग पॉप्लरची रोपं,
बायकांनी खरकट्या पाण्यावर जगवलेली.
मग संप. लोकर कातरणारे रांगेत बसवले,
उन्हात, टोप्या काढून.
संध्याकाळी टोप्याच उरल्या.
माझ्या आजीनं त्या मोजल्या होत्या,
आकडा कधी सांगितला नाही.

पुतळा राजधानीहून निघाला होता,
चौथरा इकडे बांधून तयार.
जहाज बुडालं म्हणतात. पैसे बुडाले असंही म्हणतात.
गव्हर्नर त्यावर चढून बोलून गेले,
एका जत्रेत पहिल्या नंबराचा मेंढा उभा केला.
टाळ्या मेंढ्याला जास्त.

परवा नळासाठी चर खणत होतो.
हातभर खाली काळी राख लागली,
आणि दगडाची खरवडणी, अजून धारेची.
बोट कापलं.
मुकादम ओफेलिया म्हणाली, बुजव,
नाहीतर संग्रहालयवाले येतील, काम अडेल.
बुजवलं.

खरवडणी खिशात आहे.
दुपारी चौथऱ्यावर बसून डबा खातो,
वाऱ्याकडे पाठ करून.