दोनशेविसावी जागा

खारघरला, टेकडीच्या पायथ्याशी, थंड खोलीत
चार अंशांवर ते प्रथिन शहाण्यासारखं वागतं.
घड्या जागच्या जागी,
जस्ताचा एक कण चार बोटांच्या चिमटीत,
डीएनएच्या खाचेत हात घालून चाचपणारं,
कुठे तुटलंय, कुणी आता थांबायचं, ते सांगणारं.
तापमान वाढवत नेलं की आलेख घसरतो.
सदतिसाच्या आसपास अर्धंअधिक उसवलेलं.
सदतीस, म्हणजे कुणाच्याही काखेतली ऊब.

दोनशेविसाव्या जागी टायरोसीन हवं होतं,
ऐसपैस, सहा कोनांचं कडं घेऊन बसलेलं.
एका अक्षराच्या चुकीनं तिथे सिस्टीन आलं,
हडकुळं.
बाकीचे तीनशे ब्याण्णव मणी तेच.
फक्त एक पोकळी, डीएनएपासून लांब, पाठीमागे,
जिथे कुणी बघायलाही जात नाही.

माझा बाप, हिराजी भोईर,
रबाळ्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं.
भाताची खाचरं गेली, त्यांच्या बदल्यात ही नोकरी.
एका रविवारी लॅपटॉपवर त्याला रेणू फिरवून दाखवला.
चष्मा कपाळावर सारून तो बराच वेळ बघत राहिला,
मग नेमकं तिथेच बोट टेकवलं:
"यान प्ले हाय, बाय."

प्ले. दोन भागांमधली नको ती सैल जागा.
शाफ्ट ठणठणीत, गिअरचे दात शाबूत,
आणि बेअरिंगच्या घरात केसभर सूट राहिली
की मशीन आधी गुणगुणतं, मग थरथरतं,
मग एक दिवस अख्खा लॉट रिजेक्ट.
"दात बदलून काय होनार? पॅकिंग टाक."

त्याला सांगितलं नाही की आम्ही तेच करतोय.
त्या भोकाच्या मापाची पाचर,
कानशीनं घासावी तशी, एकेक अणू कमीजास्त करत.
एकशे बारावी बसली नाही.
एकशे तेरावी बसली, पण पाण्यात विरघळेना.

हेही राहिलं सांगायचं,
की ही प्रथिनं चौघं मिळून कामाला लागतात,
आणि चारांतलं एक ढिलं निघालं
तर धड असलेल्यांचीही पकड सुटते.
पण संपाचं वर्ष त्यानं पाहिलंय.

लॅपटॉप तापला होता.
त्यानं खालून तळहात लावला,
चालत्या बेअरिंगला लावायचा तसा,
आणि काढला नाही लगेच.
"थंडीन सगलाच फिट बसतं," म्हणाला.
"गरम झाल्याव कलतं खरा माप."